ओल्या पोत्याची गोष्ट

"हे कुणी खरं मानणार नाही भाभी. मानलंत, तर मीच म्हणेन, डोकं तपासून घ्या," असं म्हणत नेमगोंडा मगदूम जैबुनभाभीच्या ओट्यावर टेकतो. वय एक्क्याऐंशी, मांडीवर अकॉर्डियन. ते भाभीच्या नवऱ्याचं, बाबालालचं. बारा वर्षं मुकं पडलेलं.

बाबालालला जाऊन सहा महिने झाले. जयसिंगपूरच्या बँडात तो हे वाजवायचा आणि नेमगोंडा ढोल बडवायचा. ऐन मे महिन्यातल्या एका वरातीत टेंपोच्या टपावर वाद्य तापलं, आतलं मेण वितळलं आणि त्यावर बसवलेले सूर, म्हणजे पोलादी जिभांच्या पट्ट्या, पटापट गळून पडले. बाबालाल म्हणाला, नेम्यानं उन्हात ठेवलं. नेमगोंडा म्हणाला, मी नाही. तिथून दोघांचं बोलणं बंद, ते बाबालाल मरेपर्यंत. परवा भाभीनं वाद्य पाठवलं आणि वर निरोप: ज्यानं मोडलं त्यानंच नीट करावं.

नेमगोंडाच्या अंगाचा तिळपापड झाला. बाबालाल आपला शब्द मागं न घेता गेला, आणि मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही.

"पण येतं की!" तो भाभीला सांगतो. "काल दुपारीच भांडून आलोय."

दुपारची भाकरी पोटात गेलेली. खाटेवर वाद्य उघडून पडलेलं. सगळे सूर मेणबत्तीच्या मेणानं चिकटवले, तरी एक काही केल्या ऐकत नाही. भाता ओढला की बोलतो, दाबला की नुसता सुस्कारा टाकतो. नेमगोंडा चिडून शेजारीच आडवा होतो. पापणी जड होते. स्वतःचं घोरणं स्वतःलाच ऐकू येतं, आणि ते अर्धा सूर उतरलंय हेही कळतं. म्हणजे झोप अजून पुरती लागलेली नाही.

"कोण घोरतंय रं बेसूर?"

पायथ्याशी बाबालाल. अंगात बँडचा लाल कोट, छातीवर पितळी बटणं. चेहरा जिवंतपणी होता तसाच, तिरसट.

"मेणबत्ती? वाढदिवस हाय काय माझा?"

"तुझ्या खोक्याला तेवढंच पुरं."

"थंडीत तडकंल, गाढवा! मधाच्या पोळ्याचं मेण लागतंय, त्यात राळ. आन् त्या सुराची जीभ कशाला घासलीस? जीभ धडधाकट हाय. मागचं चामडं वाकलंय, वारा तिथनं पळतोय."

"मग बारा वर्षं का नाही बसवलंस? हात झिजले असते?"

"ज्यानं मोडलं त्यानं बसवावं!"

"मी मोडलं नाही!"

नेमगोंडा ताडकन उठतो तर खाट टेंपोच्या टपावर आहे. पत्रा तव्यासारखा. खाली वरात चाललीय आणि ऊन असं, की नवरदेवाच्या फेट्यावर पडलेल्या अक्षतांच्या तडतड लाह्या फुटतायत. करवल्या त्या वेचून खातायत.

"पोतं कुठं हाय?" बाबालाल विचारतो. उन्हात निघालं की वाद्यावर ओलं पोतं टाकायचं, हा बँडवाल्यांचा नेमच.

"विषय बदलू नकोस."

"ओलं पोतं, नेम्या!"

टप दुमडतो. मग दुसरी घडी, मग तिसरी. आता दोघं अकॉर्डियनच्या भात्यात उभे आहेत आणि पुठ्ठ्याच्या भिंती श्वास घेतायत. समोर दारांएवढ्या उंच पोलादी जिभा. बाबालाल ओरडतो, "पोतं!" की एकेक जीभ आपापल्या सुरात ओरडते, पोतं, पोतं, पोतं. एकच जीभ गप्प.

नेमगोंडा त्याची गचांडी धरतो. "बारा वर्षं गावभर माझं नाव खराब केलंस! मयताला आलो तर लोक माझ्याकडं बोट दाखवत होते! मेलास तरी तुझं तेच?"

बाबालाल त्याची मूठ उघडतो, आत काहीतरी दाबतो. ऊन ऊन.

"आणि मग, भाभी," नेमगोंडाचा आवाज मऊ होतो, "त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. म्हणतो, नेम्या, चुकलं माझं. उगाच तुझ्यावर आळ घेतला. आणि मी जागा होतो. मुठीत बघतो, तर हे!"

तो ओट्यावर काळपट मेणाचा गोळा ठेवतो. त्यावर अंगठ्याचा ठसा.

इतका वेळ जैबुनभाभी मान डोलवत होती. टप दुमडला तेव्हाही तिनं हूं म्हटलं होतं. ती गोळा उचलून नाकाशी नेते.

"मेण त्येंचंच हाय. राळ जास्तच घालायचे," ती म्हणते. "लाह्या फुटल्या, तर फुटल्या असतील."

मग ती वाद्य त्याच्या मांडीवरून खसकन ओढून घेते.

"पन चुकलं म्हनाले? खोटं! साफ खोटं, अण्णा! पन्नास वर्सं नांदले मी. सोताच्या हातनं मीठ जास्त पडलं तरी त्या मानसानं कधी चुकलं म्हटलं न्हाई. आन् त्या दिशी पत्रा पोळतोय म्हनून ते ओलं पोतं कोन आपल्या बुडाखाली घिऊन बसलंवतं, ते मी बारा वर्सं रोज जेवताना ऐकलंय!"