शिवणवाल्या मावशींची कमान

गल्लीत त्यांना सगळे शिवणवाल्या मावशीच म्हणत. उभा जन्म मशीनवर गेलेला. जिन्यात पाय घसरून मांडीचं हाड मोडलं आणि बाई पलंगाला खिळल्या. हाताला काम नाही, म्हणून नुसती चिडचिड. नवरा निवृत्त बसड्रायव्हर. त्याने चहा आणला की "पाणचट!" हे ठरलेलंच. बिचारा पुन्हा आधण ठेवायचा.

भाची विद्यापीठात आकाशगंगांवर काम करायची. ती भेटायला आली आणि जुना लॅपटॉप ठेवून गेली. "मावशी, हे दुर्बिणीचे फोटो. आकाशगंगेभोवती बारीक वाकडी रेघ दिसली तर खूण कर. कॉम्प्युटर चुकतो, म्हणून आम्ही लोकांची मदत घेतोय."

"कसली गं रेघ?"

"तिच्या खूप मागे दुसरी आकाशगंगा असते. तिचा प्रकाश पुढच्या जड आकाशगंगेजवळून येताना गुरुत्वाकर्षणाने वळतो. मग मागची आपल्याला कमानीसारखी ताणलेली दिसते, शिवाय जास्त उजळ."

"अजबच!" नवरा म्हणाला. "ही टीव्हीसमोर उभी राहिली की मला मागचं काहीच दिसत नाही."

पडल्यापासून मावशी पहिल्यांदाच हसल्या.

मग दोघं शेजारी बसून फोटो बघू लागले. सुरुवातीच्या खुणा साफ चुकल्या. त्या कमानी नव्हत्याच, आकाशगंगेच्या स्वतःच्याच भुजा होत्या, असं भाचीने कळवलं.

"म्हणजे बाहीला गळा समजले की मी!" मावशी कपाळावर हात मारून म्हणाल्या.

एका दुपारी नारिंगी ठिपक्यासारख्या दिसणाऱ्या आकाशगंगेशेजारी फिकट निळी रेघ दिसली.

"डाग असेल," नवरा म्हणाला.

"डाग असा गोलाईत पडतो होय? चष्मा लावा आधी."

त्यांनी खूण केली. आणखी काही जणांनीही तीच केली होती. पुढे मोठ्या दुर्बिणीने तपासलं, तर निळी रेघ नारिंगी ठिपक्याच्या कितीतरी मागची निघाली. कमान खरी होती. भाचीने फोन करून हे सांगितलं, तेव्हा मावशींनी विचारलं,

"कधी निघाला होता गं तो प्रकाश?"

"पृथ्वी जन्मायच्याही आधी."

"एवढ्या लांबून निघाला, वाट वाकडी झाली, तरी पोचला बाई," त्या हळूच म्हणाल्या.

तोवर नवऱ्याने दुसऱ्या फोनवरून डेपोतल्या दोस्ताला गाठलं होतं. "आमच्या हिने आकाशगंगा शोधली!"

"अहो, मी एकटीने नाही! द्या इकडे तो फोन!" डॉक्टरांनी चालायला सांगूनही इतके दिवस कोपऱ्यात पडून राहिलेला वॉकर धरून मावशी उठल्या. तो बोलत बोलत एकेक पाऊल मागे सरकत गेला, दारापर्यंत, मग दाराबाहेर. त्या फणकारत मागोमाग गेल्या. बाहेरच्या उन्हात पोचल्यावरच त्याने फोन त्यांच्या हातात दिला आणि बसायला खुर्ची पुढे केली.