जोडणारे शब्द

प्रफुल शहारे भिलाईच्या जुनवानीत आणि स्मृति नगरात 'शहारे सर' म्हणून ओळखले जात. स्मृति नगरात एका औषधाच्या दुकानाच्या वरच्या खोलीत त्यांचा इंग्रजीचा क्लास होता. नर्सिंगला जाणाऱ्या मुली, बँकेची परीक्षा देणारी मुलं आणि कारखान्यात बढतीची तोंडी परीक्षा द्यायची असलेले चाळिशीतले कामगारही तिथं एका बाकावर बसत. सर फक्त दोन गोष्टी शिकवत: क्रियापदाचा काळ आणि नावाआधी येणारे छोटे शब्द, इन, ऑन, ॲट, टू. बाकी इंग्रजी माणूस ऐकून ऐकून शिकतो, असं त्यांचं म्हणणं होतं. माणसाची फजिती होते ती या दोन ठिकाणी.

त्यांची स्वतःची झाली होती. वडील धोंडबा भंडाऱ्याकडून येऊन पोलाद कारखान्यात, कोळसा भाजण्याच्या कोक ओव्हनमध्ये लागले आणि तिथंच निवृत्त झाले. मुलगा बी.एस्सी. झाला तेव्हा आंबेडकर जयंतीला मंचावर त्याचा सत्कार झाला. त्याच वर्षी तो एका खाजगी कंपनीच्या मुलाखतीला गेला. कुठं राहतोस, असं विचारल्यावर तो म्हणाला, "आय ॲम लिव्हिंग इन भिलाई सिन्स माय बर्थ." समोरच्या तिघांपैकी एकानं ते वाक्य त्याच्याच आवाजाची नक्कल करत शेजारच्याला ऐकवलं. दोघं हसले. पुढचं त्याला काही आठवत नसे. नोकरी मिळाली नाही. त्यानंतर दोन-तीन वर्षं तो रोज वाचनालयात बसून व्याकरण शिकत राहिला आणि शेवटी तेच शिकवू लागला.

शिकवायचे छान. "आपण म्हणतो, मी इथं काम करून राहिलो," ते सांगत, "त्यात कालचंही आलं न् आजचंही. इंग्रजीत तसं जमत नाही. कालपासूनचं असन तर 'हॅव बीन' लावून ते वेगळं सांगा लागते." आणि म्हणत, "आपल्याकडं 'त', 'ला', 'शी' नावाच्या मागून चालतात. इंग्रजीत पुढून चालतात. पुढं कोण चालते ते पाहा, म्हणजे 'मॅरीड टू'चं 'मॅरीड विथ' होणार नाही."

पण चूक ऐकली की त्यांना राहवत नसे. पोरांना तिथल्या तिथं थांबवत, घरीही थांबवत. त्यांची एकुलती मुलगी उन्नती बारावीत असताना क्लासच्या स्नेहसंमेलनात बोलायला उभी राहिली. पहिल्याच वाक्यात 'डिस्कस अबाऊट' म्हणाली. सरांनी खुर्चीवरूनच, 'अबाऊट' नको, असं दुरुस्त केलं. घाबरून ती परत तेच म्हणाली. त्यांनी तिसऱ्यांदा म्हणायला लावलं. तोवर सभागृहात हशा पिकला होता. ती माईक सोडून खाली उतरली. त्या दिवसापासून बापासमोर ती इंग्रजीचा एक शब्द बोलली नाही. बाहेर हिंदी आणि घरी मराठी, तीही कामापुरती. पुढं शिकून ती दुर्गच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेण्याच्या कामाला लागली.

सरांना पक्षाघाताचा झटका आला तो क्लासमध्येच. फळ्यावर लिहिता लिहिता ते थांबले आणि मुलांकडं वळून म्हणाले, "हॅज... हॅज..." मुलांना वाटलं, सर उत्तराची वाट पाहताहेत. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बीन, सर." सर पुन्हा "हॅज" म्हणाले आणि खडूसकट खाली बसले.

उजवं अंग लुळं पडलं. महिन्याभरानं तोंडातून शब्द फुटले, पण सुटे सुटे. डॉक्टरांनी सत्यशीलाला, म्हणजे त्यांच्या बायकोला, समजावून सांगितलं की यांना सगळं कळतं, माणसांची नावं, वस्तूंची नावं येतील; शब्द एकमेकांना जोडणारे जे असतात, ते गेलेत. इंग्रजीतलेही आणि मराठीतलेही. 'मला', 'माझं', 'माझ्याकडं' या सगळ्याचं नुसतं 'मी' झालं होतं. 'घेतली', 'घेतो', 'घेईन' सगळ्याचं 'घे'. 'हो' आणि 'नाही' यांचीही अदलाबदल होई.

एकदा सकाळी सत्यशीला भाजी घेऊन आली आणि तिनं विचारलं, "गोळी घेतली का जी तुमी?"

"गोळी," सर म्हणाले. "मी... घे."

तिला वाटलं, मागताहेत. तिनं रक्तदाबाची गोळी दिली. त्यांनी मान हलवली, हात झटकला. ती म्हणाली, असा राग नका करू, आणि गोळी तोंडात घालून वरून पाणी पाजलं. दुपारी न्हाणीत जाताना त्यांना घेरी आली आणि ते उंबऱ्यावर पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण त्यानंतर खाटेवरून उठणं झालं नाही. सकाळची गोळी त्यांनी आधीच डाव्या हातानं घेतली होती, हे रिकामी पट्टी पाहिल्यावर कळलं. सत्यशीला कित्येक दिवस त्यांच्या समोर जेवत नव्हती. औषधं तेव्हापासून उन्नतीनं आपल्या हातात घेतली.

क्लास बंद पडला. हर्षल नावाचा एक जुना विद्यार्थी मुलाखतीच्या आधी भेटायला आला आणि सरांसमोर तयारी करू लागला. तो चुकला की सर खाटेच्या पाटीवर हात आपटत. म्हणजे चूक त्यांना अजून ऐकू येत होती. बरोबर काय, ते सांगता येत नव्हतं. हर्षलनं वाक्य तीन-चार तऱ्हांनी फिरवून पाहिलं. दर वेळी हात आपटला गेला. समजलं सर, असं म्हणून तो उठला आणि पुन्हा आला नाही.

एका रविवारी उन्नतीची मुलाखत फोनवर होती, रायपूरच्या मोठ्या लॅबसाठी. घर दीड खोलीचं. ती स्वयंपाकघरात उभी राहून बोलत होती. "आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स," ती म्हणाली, आणि खाटेवरून हात आपटल्याचा आवाज आला. ती अडखळली. पुन्हा तेच म्हणाली. पुन्हा आवाज.

फोन ठेवून ती बाहेर आली. तिचा आवाज चढला नव्हता.

"बाबा, आता तरी बस करा. स्टेजवर सगळ्यायसमोर मले तीनदा बोलायला लावलं तुमी. कावून? मी तुमची पोरगी होती ना?"

सर बराच वेळ तोंड हलवत राहिले. मग म्हणाले, "चूक." थोड्या वेळानं, "मी." आणि मग तिच्याकडं बोट करून, "तू."

"तुमी चुकले म्हणता का?"

"हो."

"का मी चुकली म्हणता?"

"हो," सर म्हणाले. मग मान जोरानं हलवली, परत "मी, तू, चूक" म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. डोळ्यांतून पाणी येत होतं. पण झटक्यानंतर त्यांना हसताना, जेवताना, केव्हाही रडू येई. त्यावरून काही ठरवता येत नव्हतं.

त्यानंतर तिनं आणखी दोनदा विचारून पाहिलं. तेच तीन शब्द आले. फेब्रुवारीत त्यांना दुसरा झटका आला आणि त्यातच ते गेले.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी पाहुणे गेल्यावर सत्यशीला म्हणाली, "माफीच मागून राहिले होते ते तुले. मले त्यायचं समजे."

उन्नतीनं आईकडं पाहिलं आणि भांडी गोळा करायला घेतली. आईला खरंच समजलं असेल, की तसं वाटून घ्यायचं आहे, हे तिला विचारवेना.

रायपूरची नोकरी तिला मिळाली. सकाळी दुर्गहून गाडी पकडते, दिवेलागणीनंतर परत येते. सत्यशीला दिवसभर घरी एकटी असते. दोघी सोबत जेवतात, उद्याच्या भाजीचं बोलतात. बाबांचा विषय कोणीच काढत नाही.