आरशात न दिसलेली आयली

कॅनडातल्या थंडर बे गावच्या आयली निस्कानेननं शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं बटाटे सोलले, दोन मुलं वाढवली आणि नाव कमावलं ते मात्र गाडीला जोडलेला राहायचा ट्रेलर मागं घेण्यात. म्हणजे चालवायचा नवरा, रेनो. ही मागं उभी राहून हात करायची. सुपीरियर सरोवराच्या काठावरच्या त्यांच्या नेहमीच्या कॅम्पात एखादा ट्रेलर फाटकातून आत शिरला, की लोक कॉफी घेऊन खुर्च्या मांडून बसतात आणि नवराबायकोचं भांडण कधी पेटतंय याची वाट बघतात. चाळीस उन्हाळे निस्कानेन जोडप्यानं लोकांची निराशाच केली. चालकाच्या बाजूच्या, म्हणजे डाव्या आरशात दिसेल अशी आयली उभी राहायची. चार खुणा आणि ट्रेलर जागेवर. दोघांचा नियम एकच: मी आरशात दिसेनाशी झाले की थांबायचं. नवी जोडपी तिच्याकडे शिकवणीला यायची. तिला त्याचा तोरा होता, आणि का नसावा?

मार्चमध्ये रेनोला मेंदूचा हलका झटका आला. हातपाय, बोलणं सगळं जागच्या जागी राहिलं, म्हणून मुलांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण डावीकडचं जग त्याच्या नजरेतून निसटलं होतं. चौकटीला डावा खांदा आपटायचा. ताटातले डावीकडचे बटाटे तसेच राहायचे. आयली काही न बोलता ताट फिरवून ठेवायची, की तेही संपायचे. डोळे तपासून घे म्हटलं की ठरलेलं उत्तर, "अगं, म्हातारा झालोय, आंधळा नाही." तीस वर्षं लाकडाचे ट्रक हाकलेला माणूस तो. तुझ्याच्यानं आता गाडी चालवणं होणार नाही, हे त्याला तोंडावर सांगायचं आयलीच्या जिवावर आलं होतं.

जुलैत तोच गाडी चालवत निघाला. चार तास आयली डोळ्यांत तेल घालून बसली होती. "केवढा ट्रक येतोय बघ तुझ्या बाजूनं," असं अधूनमधून गप्पा मारल्यासारखं म्हणायची. कसेबसे पोचले.

कॅम्पात खुर्च्या मांडलेल्याच होत्या. रेनो मागं येऊ लागला. ट्रेलर वाकडा येतोय हे पाहून आयलीनं दोन्ही मुठी वर केल्या. थांब! आरशात तिला त्याचा चेहरा दिसत होता, अगदी शांत. ट्रेलर येतच राहिला. शेवटच्या क्षणी तिनं बाजूला उडी मारली आणि ती उभी होती तिथून पुढं जाऊन ट्रेलरनं पाण्याचा नळ खांबासकट आडवा केला. फवारा उडाला.

रेनो उतरायच्या आधीच आयली ओरडली, "माझंच चुकलं! मी हात उलटा केला!"

"काय हे, आयलीबाई!" शेजारच्या जागेवरचा गॉर्ड पेलेटिए खिंकाळला. "चाळीस वर्षांची पुण्याई एका नळात बुडवलीस!"

"आता आमच्या ह्यालाच मास्तर कर," त्याची बायको डोरीन म्हणाली. "गेल्या साली मागं घेताना झाड दिसलं नव्हतं त्याला!"

आयलीही हसली. मग दहा दिवस कॅम्पला दुसरा विषय नव्हता, आणि रेनो तोंडातून चकार शब्द काढत नव्हता. आयलीला चेष्टेचं काही वाटत नव्हतं. तिला भीती होती रविवारची. परत जायचं, तोच वळणावळणांचा रस्ता, डावीकडून येणारे तेच ट्रक. चारचौघांत त्याची लाज राखायला ती खोटं बोलली आणि खरं सांगायची वाट तिनं स्वतःच बंद करून टाकली होती. स्वतःचा तिला मनापासून राग आला.

शनिवारी सकाळी सगळ्यांची एकत्र न्याहारी असते. पॅनकेक उलटता उलटता गॉर्डनं जाहीर केलं, "उत्तम 'माग'-दर्शनाचं यंदाचं बक्षीस, आयली निस्कानेन!" टाळ्या पडल्या. तोंडभर हसत आयली उठली.

"बस खाली," रेनो म्हणाला. तो तिला नाही, गॉर्डला बोलत होता. "तिचे हात बरोबर होते. मला ती दिसलीच नाही. आरसाच दिसला नाही."

गॉर्ड उलथनं हातात घेऊन खाली बसला.

"मग दहा दिवस मूग गिळून का बसलास?" आयलीचा आवाज चढला. कॅम्पात तिचा असा आवाज कोणी ऐकला नव्हता.

"मला वाटायचं, मी तुझ्यापासून लपवतोय. त्या दिवशी तू ओरडलीस आणि कळलं, तुला मार्चपासून सगळं माहीत आहे. मग लाज वाटली."

"आणि आज नाही वाटली?"

"मी उतरलो तेव्हा तुझी एक चप्पल चाकाखाली होती," रेनो म्हणाला. "ओढून काढली, धुतली आणि दारात ठेवली. तू ती रोज घालतेस. मला रोज दिसते."

आयलीनं पायाकडे पाहिलं. चप्पल कधी निघाली होती, तिच्या लक्षातही नव्हतं. ती टेबलाला वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला आली.

"चावी दे. उद्या गाडी मी चालवणार," ती म्हणाली.

त्यानं खिशात हात घातला आणि दिली.