आवळीखालची ताडपत्री

कार्तिकात आमच्याकडे बायका आवळीखाली जेवायला जातात. जंगलाच्या काठाशी फळांनी लगडलेलं झाड पाहायचं, त्याला हळदकुंकू लावायचं, तिथंच गोवऱ्या पेटवून रोडगे भाजायचे, वांग्याची भाजी करायची अन् दिवस बुडायच्या आत घरी यायचं. पूजा पाच मिनिटांची, बाकी दिवसभर गप्पा. खरं सांगते, देवाचं नाव पुढे केलं की पुरुषांना नाही म्हणता येत नाही, म्हणून ही रीत टिकली.

पण आता वाघ वाढले. आमचं घर तलावाच्या मासोळीवर अन् दीड एकर धानावर चालतं, अन् तलाव जंगलाला लागून. सरपणाला एकटीनं जाणं बंद झालं, मोहफुलं वेचणं बंद झालं, पाच वाजले की दार बंद. वनवाल्यांनी जाळीचं कुंपण घातलं, ते आमच्या परसामागूनच गेलं. कोणाला आत ठेवलं अन् कोणाला बाहेर, ते मला अजून समजलं नाही.

त्या वर्षी तलावाच्या पाळीवर वाघानं गोऱ्हा मारला होता. माझ्या मालकांनी साफ सांगितलं, मोठी वहिनी संग असेल तरच जायचं. मोठी वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. आम्ही दोघी एकाच घरात, एकाच चुलीवर. त्यांचे गुडघे कधीचे गेलेले. मी दोन दिवस मागे लागले.

"मले नको नेऊ वं," त्या म्हणाल्या. "वाघ आला तं तुम्ही पळसान. मी काय करू?"

"मी आहो ना तुमच्यासंग, बाई."

असं मी म्हटलं होतं.

सहा जणी निघालो. गडी माणूस एक नाही, म्हणून मनात मजा अन् पोटात भीती. ओल असेल म्हणून धान वाळवायची निळी ताडपत्री बसायला घेतली. जाऊबाई आवळीच्या बुडाशी दगडावर पाय पसरून बसल्या, बाकीच्या ताडपत्रीवर. आमची शेजारीण, जिला बोलल्याशिवाय श्वास येत नाही, ती म्हणे, "धूर करा वं, धुरापाशी वाघ येत नाई." मग गोवऱ्यांवर ओला पाला टाकला. वरून थाळ्या बडवल्या. सगळ्या जणी झुडपांकडे पाहून राहिलेल्या, धान कुठे हलते का ते पाहून राहिलेल्या. बाजूच्या ऐनाच्या फांदीला सुपाएवढं आग्या मोहोळ लोंबत होतं अन् आमचा धूर सरळ त्याच्यात शिरत होता. वर मात्र एकीनंही पाहिलं नाही.

पहिली माशी एकीच्या मानेवर बसली. मग आवाज आला. तो आवाज मी काही लिहू शकत नाही. कोणीतरी ओरडलं, "ताडपत्री! ताडपत्री घ्या!" आम्ही पाच जणी उठलो, बुडाखालची ताडपत्री डोक्यावर ओढली अन् आत एकमेकींवर पडलो.

आता खरं ते लिहिते. काठ माझ्या हातात होता. दहा हातांवर जाऊबाईंनी उठवायसाठी हात पुढे केला होता. मी तो पाहिला अन् काठ खाली ओढून त्यावर गुडघा दिला.

आत निळा उजेड, घाम, कांद्याचा वास. माश्या प्लास्टिकवर आपटत होत्या, कढईत जवारी फुटते तशा.

"कोणाचा पाय आहे हा?"

"माहाच आहे. हालू नको, भाजी सांडन."

"माय वं, माश्या मागं लागल्या अन् हिनं भाजीचा गंज आणला आत!"

"तं काय त्याहीले जेवाले ठेवू?"

हसल्या सगळ्या. भीतीनं हसू येतं माणसाला. शेजारीण म्हणाली, "याच्यापरीस वाघ बरा. एकीलेच घेऊन गेला असता." मग एकदम आठवलं, बाहेर खरंच एकटीच होती.

मी हाक मारली. "बाई! ओ बाई!"

"बोलू नको," बाहेरून आलं. बस, तेवढंच. मग मी दहादा हाक मारली, काही आलं नाही.

मी काठ उचलला. बोटभर उचलला असेल, तर एक माशी आत आली अन् शेजारणीच्या कानाला डसली. चौघींनी माझा हात जमिनीला दाबून धरला. "तू एकटी नाई इथी," एक जण म्हणाली. तिचं खरं होतं. तेव्हापासून मला हलूच दिलं नाही. उजेड माझ्या बाजूनं त्यांच्या बाजूला सरकला, गोवऱ्या विझल्याचा वास आला, एकीला लघवी आवरेना, ती रडली. मी फक्त बाहेरचा आवाज ऐकत होते, अन् त्यात जाऊबाईंचा नव्हता.

माश्या निवल्यावर निघालो. आवळीखाली लुगड्याचं गाठोडं पडलं होतं. जाऊबाईंनी पदर डोक्यावरून घेऊन तोंड गुडघ्यांत घातलं होतं, हात तेवढे बाहेर. मी खांद्याला हात लावला, तर काहीच हललं नाही. मग गाठोड्यातून आवाज आला, "गेल्या का?"

त्यांचे हात रोडग्यासारखे फुगले होते. मी नखानं एकेक काटा काढला. त्यांनी हात दिले, माझ्याकडे पाहिलं नाही.

घरी भासरे, म्हणजे जाऊबाईंचे मालक, अंगणातच उभे. हात पाहिले अन् विचारलं, "ताडपत्री होती ना? मग हिलेच काऊन चावल्या?"



"मीच म्हटलं, तुम्ही जा आत," जाऊबाई बोलल्या. "मले कोंडल्यावानी होते. तुम्हाले माहीत नाई का?"

आता हे घरात कायमचं झालं. पाहुणे आले की भासरे सांगतात, हिला कोंडल्यासारखं होतं म्हणून ही बाहेर बसली. मी चहा देते अन् मान हलवते. तीन वर्षं मान हलवली.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही दोघी परसात झिंगे निवडत होतो, कुंपणाच्या जाळीकडे पाठ करून. मला राहवलं नाही. म्हटलं, "बाई, त्या दिवशी मी तुमचा हात पाहिला होता."

"मले माहीत आहे."

"मग घरी तसं काऊन सांगतलं?"

त्यांनी एका झिंग्याचं डोकं मोडलं, टोपलीत टाकलं.

"सांगतलं असतं तं तू कुठी गेली असतीस वं? अन् मी कुठी गेली असती? याच घरात राहा लागते ना दोघींले."

मग टोपली माझ्याकडे सरकवली. "घे, धुऊन आण. पाणी दोनदा बदलव."