आतला वारा कसा लागतो

गेल्या शनिवारी आमच्या शाळेत साहेबाचं राज्य परत आलं. फक्त सकाळी नऊ ते बारा, चौथीच्या वर्गापुरतं... आणि ते आणणारी मीच होते.

मी मूळची पुण्याची. सहा वर्षं झाली, बंगळुरात राहते एचएसआर लेआउटमध्ये आणि शिकवते इथल्या शिवाजीनगरजवळच्या एका शाळेत. आजूबाजूला सगळा इंग्रजांच्या जुन्या कॅन्टोन्मेंटचा भाग, पण पुस्तकात त्या काळाची दोनच पानं. ती वाचताना निम्मा वर्ग जांभया देतो आणि उरलेला निम्मा खिडकीबाहेर बघतो.

म्हणून म्हटलं, इंग्रजांचा काळ मुलांना करूनच दाखवू. आमच्या हेडमिस्ट्रेसनी, म्हणजे मोठ्या मॅडमनी, बरेच आढेवेढे घेत एक सकाळ दिली. वर बजावलं की नुसता धुडगूस झाला तर सोमवारपासून गुपचूप पुस्तक उघडायचं, पुन्हा हा विषय नाही.

मग काय, कंबर कसली. इस्त्रीवाल्याकडून कोळशाची जुनी इस्त्री आणली (कोळसे न घालता, काळजी नसावी), टाक आणि दौत मिळवली. घरातली फुलाफुलांची चादर बांबूला शिवून वर्गाच्या छताला टांगली, तिला दोरी लावली... झाला साहेबाचा पंखा! त्या चादरीपायी सासूबाई आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलत होत्या.

विजेचे पंखे बंद केले आणि चिठ्ठ्या टाकून कामं वाटली. कुणी धोबी, कुणी खानसामा, कुणी पंखेवाला, आणि चार साहेब. साहेब झालेल्यांनी आधी उड्या मारल्या.

अर्ध्या तासात चित्र पालटलं. कोट घालून घामाघूम झालेले साहेब विलायतेला पत्रं लिहीत शाईचे डाग पाडत बसले होते... आणि नोकरांची नुसती धमाल. दोन साहेबांनी तर राजीनामे देऊन धोब्याकडे नोकरी धरली. पंख्याच्या दोरीला रांग लागली होती आणि निहारिका, आमच्या वर्गातली लवंगी मिरची, दोरी सोडायलाच तयार नव्हती.

मी जाम खूश होते. तेवढ्यात मोठ्या मॅडम आल्या आणि त्यांनी नेमकं निहारिकालाच विचारलं, आज काय शिकलीस म्हणून. ती दोरी ओढता ओढता म्हणाली, "मॅम, त्या काळी नोकरांची काय मज्जा होती!"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. परकीय राजवट शिकवायला निघाले आणि मुलांसमोर तिची जाहिरातच करून बसले. खरंच रडू यायचं बाकी होतं.

दारात यशोदाअक्का उभ्या होत्या, हातात झाडू. अक्का आमच्या शाळेत आया आहेत. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या बंगळुरातलं पण घरी बोलणं मराठी, त्यामुळे आमच्या रोज चार गोष्टी होतात. त्या हळूच म्हणाल्या, "मिस, तुमची दोरी चुकली की. ओढणारा आत नसतोय. आमचा आज्जा ओढत होता, भाईर व्हरांड्यात बसून."

दोन आठवडे इंटरनेट पालथं घातलं होतं मी. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय...

अक्कांनीच दोरी झरोक्यातून बाहेर काढली. निहारिकाला व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि कन्नडमध्ये सांगितलं, साहेब आत झोपलेत, ते उठेपर्यंत थांबायचं नाही. बाहेर उन्हाची झळ, समोर भिंत, मैत्रिणी आत... आणि वाराही सगळा आतच.

पहिली दोन मिनिटं तिचं गाणं ऐकू येत होतं. मग ते थांबलं. आणखी थोड्या वेळाने भिंतीपलीकडून बारीक आवाज आला, "मिस, साहेब कधी उठणार?"

साहेब झालेला मुलगा पटकन उठून उभाच राहिला.

निहारिका आत आली, लाल झालेल्या तळहातांवर फुंकर घालत. तिने अक्कांना विचारलं, तुमचे आजोबा कधी थांबायचे? अक्कांनी मुलांना कन्नडमध्ये समजावलं की थांबणं त्यांच्या हातात नव्हतंच. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आज्जा म्हणायचा, एवढी वर्षं दोरी ओढली, पण आत वारं कसं लागतंय ते काय बघायला मिळालं नाही."

मी ते मुलांना सांगितलं. पुढचं मी काहीच केलं नाही, देवाशपथ. निहारिकाने अक्कांच्या हातातला झाडू काढून घेतला आणि त्यांना ओढत नेऊन साहेबाच्या खुर्चीत बसवलं. त्या नको नको म्हणत होत्या, पण ऐकतंय कोण...

सगळा वर्ग व्हरांड्यात. मुलांनी आपणच नियम केला, प्रत्येकाने वीसदा ओढायचं, मग पुढच्याने, म्हणजे कुणाचेच हात दुखणार नाहीत. थोड्या वेळाने बघते तर रांगेत शेवटी मोठ्या मॅडम, पदर खोचून! वीसदा ओढून झाल्यावर मला एवढंच म्हणाल्या, पुढच्या वेळी दोरी 'स्वल्प' लांब आणा, म्हणजे कन्नडमध्ये जराशी.

आत अक्का डोळे मिटून बसल्या होत्या. चादर हलत होती, कपाळावरच्या पांढऱ्या बटा उडत होत्या. भिंतीपलीकडून निहारिका ओरडली, अक्का, वारा येतोय का?

अक्का नकळत मराठीतच म्हणाल्या, "येतंय गं... येतंय."

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या उठून कपाटाकडे गेल्या आणि दुसरी चादर काढून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, ही जास्त मोठी आहे, अक्कांना वारा चांगला लागेल.