पायी चालू न देणारं गाव

आमच्या गावात बऱ्या कपड्यातला माणूस रस्त्याने पायी दिसला, की लोक आधी त्याच्या गाडीची चौकशी करतात आणि मग त्याच्या घरातल्या भांडणाची. पाय ही शेतात, वरातीत आणि मयताच्या मागे वापरायची वस्तू आहे. एरवी जो चालतो त्याचं एक तर पेट्रोल संपलंय, नाहीतर अक्कल. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी नाशिक सोडलं नसतं.

सोडायला कारण नवरा. त्याच्या छातीत स्टेंट बसला, कंपनीने लवकर निवृत्ती देऊ केली आणि या माणसाला एकदम शहादा तालुक्यातली, म्हसावदच्या अलीकडची आपली जमीन आठवली. इतकी वर्षं जिच्यात केळी भावाने लावली आणि भावानेच कापली, त्या जमिनीला म्हणे आता याच्यावाचून करमत नव्हतं. "गावची हवा, घरची भाकरी, शेतात हिंडणं. हृदयाला आणखी काय लागतं?" असं त्याने मला ऐकवलं. हृदयाला काय लागतं ते डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. रोज तासभर चालणं, आणि तेल, तूप, साखर यांना लगाम. दुसरा झटका आला तर हे हृदय तो पेलणार नाही, हेही सांगितलं. त्याला नाही, मला सांगितलं. घरात कोण ऐकतं आणि कोण नुसती मान डोलावतं हे त्यांना एका भेटीत कळलं असावं.

निरोपाला माझ्या जॉगिंग ट्रॅकवरच्या मैत्रिणी आल्या. या बाया रोज सकाळी एका फेरीत दोन सुनांचा निकाल लावत आणि फेरी संपली की गाड्यावर वडा खात. त्यांनी मला कसल्या कसल्या बियांच्या पुड्या दिल्या आणि गावाकडे व्यायाम सोडू नकोस म्हणून डोळे पुसले. पुण्याच्या मुलाने बापासाठी पावलं मोजणारं घड्याळ पाठवलं. आई मोजते आहेच, तरी घड्याळ. बिया मी गावाला आल्यावर कोंबड्यांना घातल्या. त्यांनीही फारसा उत्साह दाखवला नाही.

गावात नवीन बिऱ्हाड आलं की भाऊबंदांनी आळीपाळीने जेवायला बोलवायचं, अशी रीत. भाऊबंद म्हणजे अर्धं गाव. रोज एका घरी खिचडीवर वरून शेंगदाण्याचं कच्चं तेल, दुसऱ्या घरी भरताला तेलाची तर्री, तिसऱ्या घरी तुपात बुडवलेल्या बट्ट्या. मी हात आडवा धरला की वाढणारी बाई माझ्या बोटांच्या फटीतून तूप सोडायची. डॉक्टरांनी बंद केलंय म्हटलं तर उत्तर ठरलेलं, एका दिवसाने काय होतं. अशा एकेक दिवसाचाच महिना होतो, हे गणित तिथे कोणाला येत नव्हतं. माझी जेठाणी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाची बायको, चारचौघांत याच्याकडे बघून म्हणाली, "किती वाळी गया नाना. तठे पोटभर खावाले भेटे का नही?" आणि सगळ्या बाया माझ्याकडे बघू लागल्या, जणू मी त्याला नाशिकला दाव्याला बांधून ठेवला होता. नवरा खाली मान घालून चौथी बट्टी कुस्करत होता. त्याच्या चेहऱ्यावर असं दुःख होतं की मलाही क्षणभर खरं वाटलं.

खाण्याचं हे असं, म्हणून निदान चालणं सुटू नये यावर मी अडून बसले. गावाबाहेर पाट आहे, पाटाच्या कडेला देवीचा ओटा. तिथपर्यंत जाऊन यायला तास लागतो. नवरा रोज उजाडताच निघायचा आणि घामेजून परत यायचा. घड्याळ त्याला शाबासकी द्यायचं, आकडा रोज वाढायचा. मीही खूश होते. मग एकदा मी तो आकडा नीट बघितला. त्या हिशोबाने हा माणूस न्याहारीच्या आधी शहाद्याला जाऊन परत आला होता, आणि चपलेला धूळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी मागून निघाले. शेवटचं घर ओलांडायच्या आत पहिली मोटारसायकल थांबली. "बठा काकू." नको म्हटलं. दुसरी थांबली. गाडी बिघडली का, असं विचारलं. तिसऱ्याला मी सांगितलं की मी मुद्दाम चालते आहे, तर त्याने घरात काही झालं का म्हणून आवाज बारीक केला. चौथा दूधवाला होता, दोन्ही बाजूंना कॅन लटकलेले. त्याला नको म्हटलं तर त्याचा चेहराच उतरला. "आम्हनी गाडी तुमले चालत नही का?" आता याला काय सांगायचं? बसले. पाट मागे गेला, देवीचा ओटा मागे गेला आणि खड्ड्याखड्ड्यांतून आपटत आम्ही म्हसावदच्या हॉटेलासमोर उतरलो. तिथे बाकावर माझा नवरा बसला होता. पुढ्यात गरम भजी, रोजचा घाम आणणाऱ्या तळलेल्या मिरच्या, आणि मनगटावर ते दीडशहाणं घड्याळ. रस्त्याचे खड्डे ते पावलं म्हणून मोजत होतं. या तालुक्यात घड्याळसुद्धा बसून चालतं.

"मी काय करू, लोक बसवतात," नवरा म्हणाला. "तूही बसलीसच ना?"

हॉटेलवाल्याने माझ्यापुढेही एक प्लेट आणून ठेवली. मी ती तिथेच सोडली आणि चालत परत निघाले. वाटेत रडू आलं. हॉस्पिटलच्या बाकड्यावर, काचेपलीकडच्या मॉनिटरवरच्या हिरव्या रेषेकडे बघत काढलेली रात्र मी विसरले नव्हते आणि हा गाढव विसरला होता. मला त्याचा राग होता, पण त्याहून जास्त भीती होती. रडतानाही दोन गाड्या थांबल्या.

उपाय मला एका बारशात सापडला. यजमानीण पेढ्यांचं ताट घेऊन फिरत होती आणि कोणालाही सोडत नव्हती. पण कोपऱ्यातल्या एका बाईने नुसतं "मन्हा नवस शे" म्हटलं आणि ताट मागे गेलं. आग्रह नाही, एका दिवसाने काय होतं नाही. उलट यजमानीण तिच्या पाया पडली. मी जन्मभर शाळेत शास्त्र शिकवलं. देवळात गेले तर गर्दी बघायला. पण समोर काय पडलंय ते मला दिसतं. या लोकांना डॉक्टरची चिठ्ठी म्हणजे रद्दी, आणि देवीपुढे यांची टाप नाही.

त्याच संध्याकाळी मी जेठाणीच्या ओट्यावर, चार बाया जमलेल्या बघून, जाहीर केलं. यांच्या छातीसाठी पाटावरच्या देवीला बोलले आहे. वर्षभर हे रोज पायी दर्शनाला जातील. गोड नाही, तळलेलं नाही, वरून तेल-तूप नाही.

मग जेठाणीने विचारलं, "आनि तू काय सोडं?"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. नवस बोलणारीने स्वतःही काही सोडावं लागतं. तेवढ्यात दूधवाल्याची फटफट ऐकू आली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "गाडी. या रस्त्यावर मी वर्षभर कोणाच्या गाडीवर बसणार नाही."

जेठाणीने पदराने डोळे टिपले. मला जराही लाज वाटली नाही.

घरी नवरा हसत सुटला. "तू? देवीला? तुला तिचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते तरी माहीत आहे का?" माहीत नव्हतं. पण सकाळी तो गुपचूप निघाला. आता गावाचा डोळा त्याच्यावर होता, आणि गावाच्या डोळ्यासारखा व्यायामशिक्षक नाशिकच्या कुठल्या जिममध्ये नाही. परवापर्यंत ज्या गाड्या करकचून थांबायच्या त्या आता हळू व्हायच्या, चालवणारा एक हात छातीला लावायचा आणि पुढे जायचा. हॉटेलवाल्याने त्याला बाकावर बसूच दिलं नाही म्हणे. जेवणाची आमंत्रणं आली तर त्याच्यासाठी कोरडी दादर ज्वारीची भाकरी, बिनफोडणीचं वरण आणि काकडी आधीच बाजूला काढलेली असायची. जी बाई माझ्या बोटांतून तूप सोडायची तीच आता दुसरीला दटावायची, पाप करू नको. मला हसावं की डोकं आपटून घ्यावं कळेना.

पावसाळा संपेपर्यंत नवऱ्याचं पोट उतरलं. शहाद्याला रक्त तपासलं, डॉक्टर खूश झाले. गाव म्हणालं, देवी पावली. माझ्या बिनतेलाच्या भाज्यांना कोणी नारळ फोडला नाही. नाशिकच्या मैत्रिणींना कळवलं तर त्यांनी विचारलं, कोणत्या बियांनी गुण आला?

मग ऊसतोडीच्या दिवसांतली ती सकाळ. ऊन वर आलं तरी नवरा परतला नव्हता. फोन घरीच, चार्जिंगला. मी भाकरी थापत होते. कापूस वेचायला निघालेल्या बाया दारात थांबल्या आणि त्यांतली एक म्हणाली, "काकू, नाना पाटजोगे बठेल शे. छातीवर हात ठेयेल शे."

दीर गाडी घेऊन शहाद्याला गेलेला. मी पिठाच्या हातांनी निघाले, आधी भराभर आणि मग धावत. माझ्या वयाला आणि गुडघ्यांना धावणं म्हणजे काय ते धावणाऱ्यालाच ठाऊक. मागून मोटारसायकल आली. मी हात केला. ती हळू झाली, चालवणाऱ्याने छातीला हात लावला आणि गेला पुढे. माझा हात त्याला नमस्कार वाटला. दुसरी आली, नवरा-बायको बसलेले. मी "थांबा" म्हणाले, पण दमाने आवाज फुटेना. त्यांनी अदबीने गाडी कडेला घेतली, मला वाट दिली आणि निघून गेले. बाईने तर वळून हात जोडले. माझीच लबाडी दोन चाकांवर बसून माझ्या समोरून चालली होती आणि मला तिच्या मागे धावावं लागत होतं.

तिसऱ्या गाडीपुढे मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. दूधवाला होता. ब्रेक मारताना कॅन एकमेकांवर आदळले.

"काकू, तुम्हना तर नवस शे ना?"

"चुलीत गेला नवस. चल."

मी कॅनच्या मध्ये बसले. तो गाडी चालवता चालवता माझ्या वतीने देवीची माफी मागत होता. मी त्याच्या मागे डोळे मिटून बसले होते आणि मीही बोलत होते. कोणाशी, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं आणि तिचं तोंड कुठल्या दिशेला आहे तेही नाही. हा मूर्ख मला हवा आहे, एवढं मी म्हणाले. आणखीही काही म्हणाले.

नवरा पाटाच्या कठड्यावर बसला होता. चेहरा घामाने भिजलेला, हात छातीवर. आम्हाला बघून त्याचे डोळे मोठे झाले. पहिलं वाक्य काय बोलला? "तू गाडीवर बसलीस?"

केळीचा पिकअप अडवून त्याला शहाद्याला नेला. छातीला तारा लावून ईसीजीची पट्टी काढली, दोनदा काढली. तोवर मी भिंतीला धरून उभी होते. डॉक्टर बाहेर आले ते हसत. हृदयाला काही नाही, पित्त आहे. सकाळी उपाशीपोटी काय खाल्लं, असं त्यांनी विचारलं. नवरा छताकडे बघत म्हणाला, ओट्यावर कोणीतरी नवस फेडायला आलं होतं, शिऱ्याचं पातेलं घेऊन. प्रसादाला नाही कसं म्हणायचं? नवसात प्रसाद चालतो. तीन द्रोण चालले होते त्याच्या नवसात, तूप निथळणारे. त्या क्षणी तो पाटाच्या कठड्यावर असता तर मी त्याला आत ढकलला असता. खाटेवर होता म्हणून नुसता त्याचा हात धरून बसले. बराच वेळ सोडला नाही.

दूधवाल्याने तोवर सगळ्या गावाला दूध आणि बातमी एकत्र घातली होती. संध्याकाळी जेठाणी आली. मी गाडीवर बसले, नवस मोडला, यावर आता बोलणी खायची तयारी करून मी बसले होते. तिने माझ्या सुजलेल्या गुडघ्यांना तेल चोळलं आणि निकाल दिला, "मोडना ते मोडना. आते पयलेपाईन."

पहिल्यापासून, पुन्हा वर्षभर. मला हवं होतं तेच तिने न मागता दिलं, आणि वर मलाच धीर दिला. या बाईबद्दल मी काय काय बोलले आहे ते वर लिहिलंच आहे. ते खोडत नाही.

आता सकाळी मीही त्याच्याबरोबर ओट्यापर्यंत जाते, चपला घरी ठेवून. तो विचारतो, तू कशाला येतेस. तुमचे द्रोण मोजायला, म्हणते. गाड्या हळू होतात, छातीला हात लागतात, आणि मोडलेल्या नवसाचं प्रायश्चित्त म्हणून मी अनवाणी आहे असं सगळे समजतात. दुधाच्या कॅनच्या मध्ये बसून मी जे बोलले, त्याच्या बदल्यात काय देईन म्हणाले, ते मी जेठाणीला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. पहिला नवस खोटा होता म्हणून गावभर सांगितला. हा कोणाला सांगत नाही. लोकांना वाटतं, जुनाच चालू आहे.