पानाची मागची बाजू

आज सकाळी पेपर उघडला, तर लहानपणीची ती अंतराळवीराची चित्रकथा पुन्हा सुरू झालेली. चित्रकार नवा, पण यान तेच, फुगीर हेल्मेटही तेच. बघताक्षणी नाकात कणकेच्या खळीचा वास आला.

तेव्हा आम्ही डोंबिवलीत मानपाड्याला राहायचो. बाबांची कंपनी बंद पडलेली. मी रोज त्या तीन चौकटी कापून जुन्या वहीत खळीने चिकटवायचे. त्या दिवशीही चिकटवल्या. बाबा आंघोळीहून आले आणि भोक पडलेल्या पेपराकडे बघतच राहिले.

"अगं, याच्या मागे मुलाखतीची जाहिरात होती. अकराला पोचायचंय, पत्ता लिहून घ्यायचा राहिलाय."

मी वही पुढे केली. बाबांनी ती चहाच्या आधणावर धरली. चित्रात यानातली हवा संपत आलेली. वाफेने कागद सुटला, पण पत्त्याचे तुकडे वहीलाच राहिले.

"कोलशेत, एवढंच गावाचं नाव लागतंय. पुढे विचारत जाईन." मग हसले. "तुझा यानातला माणूस उद्या वाचेल गं."

बाबा कशालाच घाबरत नाहीत, असं मला तेव्हा वाटलं. कागद त्यांच्या बोटांत थरथरत होता, हे आज दिसतं. ते पोचेपर्यंत मुलाखती संपल्या होत्या. हे आईने मला सांगितलं, तेही बाबा गेल्यावर.

आज कात्री घेतली आणि आधी पान उलटलं. मागे साड्यांच्या सेलची जाहिरात होती. तरी दोनदा वाचली.